बँड थांबवणारा हात

आमच्या काकांना गावात कुणी नावाने हाक मारत नाही. 'हात' म्हणतात. "हात दुकानात आहे का?", "हाताला विचारून बघ." काकूंना मागे 'हाताची बायको' म्हणतात, आणि त्या हिशेबाने मी हाताचा पुतण्या, म्हणजे करंगळीबिरंगळी असणार.

हे नाव पडलं उत्सवामुळे. वर्षातून एकदा टेकडीवरच्या देवस्थानातून देव खाली गावात येतो. मूर्ती खांद्यावर घेतलेली माणसं, त्यांच्यापुढे बँड, आणि बँडच्या पुढे, एकटे, आमचे काका. मोठ्या रस्त्याने देव जातो तेव्हा बँड सतत वाजत असतो. फक्त ज्या घरातलं कुणी मागच्या उत्सवानंतर गेलं असेल, त्या घरासमोर तो थांबतो. घराच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ढोल नाही, ट्रंपेट नाही, कुणी खोकतसुद्धा नाही. नुसता पावलांचा आवाज. त्या दारापुढून देव चपला काढून जातो, असं आमच्याकडे म्हणतात. लहानपणी मी दरवर्षी मूर्तीचे पाय निरखून बघायचो. चपला कधीच दिसल्या नाहीत. पण शंका विचारल्यावर शाळेत जे मिळायचं तेच घरीही मिळायचं, म्हणून गप्प बसलो.

बँडने कुठे थांबायचं ते काका सांगतात. हात वर गेला की बंद, खाली आला की सुरू. माणूस गावात गेलं की परगावी, याला महत्त्व नाही. ज्या दारात त्याची आई, त्या दारात हात.

हे काम काकांकडेच का, तर त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं, एवढं. भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या, उभ्या करून ठेवलेल्या काचा, काच कापायचा हिरा, पट्टीची टोकं तिरकी कापायची लाकडी पेटी, आणि सगळ्यावर भुशाचा थर, काकांसकट. बक्षिसांचे, लग्नांचे फोटो येतात, पण दुकान चालतं गेलेल्यांवर. जिवंतपणी माणसाचा धड एक फोटो कुणी काढत नाही. गेल्यावर मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्याला हुडकायचं, मोठं करायचं, आणि शेजारच्याचा कान, मागच्याचा खांदा कापून टाकायचा. असं गिऱ्हाईक आलं की काकांना कळतं, आणि कळलेलं ते विसरत नाहीत. यात तोटा एकच. काकांनी कुणाला सहज जरी "तब्येत काय म्हणते?" विचारलं तरी समोरचा पांढराफटक पडतो. आमच्या हेडमास्तरांना त्यांनी एकदा विचारलं, तर ते रजा टाकून सगळ्या तपासण्या करून आले.

एरवी वर्षभर काकांना कुणी विचारत नाही. घरात तर नाहीच. ज्या हाताने अख्खं गाव गप्प बसतं, तो घरात फक्त पंख्याचं बटण दाबायला वर जातो, तेही काकूंनी दोनदा सांगितल्यावर. पण उत्सवाच्या दिवशी गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्रीचा सदरा घालून ते बँडपुढे उभे राहिले की आमचे नसतातच ते. कापड दुकानाच्या मालकाने एकदा आपल्या मेलेल्या कुत्र्यासाठी त्यांना गळ घातली होती. "घरच्या माणसासारखा होता हो." काका म्हणाले, "कुत्र्यासाठी शेपूट वर करावी लागेल. ती माझ्याकडे नाही."

बेकरीवाल्याचा किस्सा मात्र हसण्यासारखा नाही. त्याच्या भावाने जीव दिला होता. मुलीच्या होणाऱ्या सासरी हे कळवलेलं नव्हतं, आणि ती मंडळी नेमकी उत्सवाला त्याच्या घरी उतरलेली. बेकरीवाला दुकानात येऊन काकांच्या पाया पडायचाच बाकी राहिला. "या वर्षी एवढं आमचं दार सोडा." काका म्हणाले, "मेलेल्याला गावाकडून मिळतं ते एवढंच. तेही तूच खाणार?" आणि हात वर केला. बँड थांबला, पाहुण्यांनी चौकशी केली, लग्न मोडलं. तेव्हापासून बेकरीवाल्याने आम्हाला पाव विकणं बंद केलं. आम्ही स्टँडमागच्या बेकरीतून आणतो. तो चांगला नसतो.

काकांची मोठी बहीण, माझी आत्या, मोठ्या रस्त्यावरच राहते. खाली सायकलचं दुकान, वर तिच्या दोन खोल्या. सोबत तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, जी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. आत्याचं हृदय कमजोर. डॉक्टरांनी जिना बंद केलेला, म्हणून खाट खिडकीला लावलेली. तिला खिडकीतून रस्ता दिसतो आणि रस्त्याला ती ऐकू येते.

आत्या आणि काकू यांचं भांडण माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. कुठलं तरी भांडं परत गेलं नव्हतं. काकू म्हणायच्या पातेलं होतं, आत्या म्हणायची कढई. दर रविवारी काकू नीटनेटक्या तयार होऊन जायच्या, भांडून यायच्या, आणि मग त्यांचा आठवडा छान जायचा.

आत्याचा मुलगा, आमचा दादा, लांबच्या शहरात लिफ्ट बसवायच्या कामावर होता. उत्सवाला काही महिने असताना तो तिथेच कामावर पडून गेला. कंपनीतून फोन आला तो काकांच्या दुकानात. काका आणि मी गेलो, तिकडचं तिकडेच आटोपून आलो. येताना बसमध्ये काका एकदाच बोलले. "अक्काला कोण सांगणार?"

कुणीच नाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले धक्का झेपणार नाही, आणि आम्हाला तेवढं निमित्त पुरलं. दादाचा फोन बिघडला. मग फोन सुधारला, पण दादा जिथे कामाला गेला तिथे रेंज नव्हती. मग साहेब फार कडक निघाला. ताई कामावरून येऊन जिन्यात रडायची, तोंड धुवायची आणि वर जाऊन साहेबाला शिव्या द्यायची. काकूंनी तर कमालच केली. भांडणं सोडलं. "वन्सं, तुम्ही म्हणाल तसं," असं त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा धक्का मला बसला, आणि माझं हृदय धडधाकट आहे.

फोटो ताईनेच आणून दिला. दादाचा धड फोटो एकच, स्टुलावर तो बसलाय आणि मागे आत्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. काकांनी आत्याला कापलं. बोटं मात्र खांद्यावर राहिली. स्टुडिओवाला म्हणाला, "पुसून देतो की." काका म्हणाले, "राहू दे." फ्रेम करून त्यांनी तो काचांच्या मागे ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

उत्सव तोंडावर आला तेव्हा ताई आणि काकू दुकानात आल्या. मीही तिथेच होतो, पट्ट्या घासत.

"मामा," ताई म्हणाली, "आमच्या दारात हात वर करायचा नाही."

काका काच कापत होते. हिरा मध्येच थांबला, म्हणजे काच गेली.

"का?"

"आई खिडकीत बसते. दारात बँड थांबला की तिला काय कळायचं राहील? घरात माणसं किती? मी तिच्या समोर उभी, ती खाटेवर. उरलं कोण?"

"खालच्या सायकलवाल्याचं कुणी असेल असं वाटेल."

"सायकलवाला रोज सकाळी खालून तिच्याशी गप्पा मारतो. त्याच्या घरात कुणाला शिंक आली तरी तिला माहीत असतं."

काकू म्हणाल्या, "अहो, एक वर्ष नाही केला वर तर काय गंजणार आहे का तो हात?"

"आणि पोराचं काय?" काका म्हणाले. "इथली मातीसुद्धा नाही मिळाली त्याला. तेवढं तरी मिळू दे की. बेकरीवाल्याला मी काय बोललो होतो, ठाऊक आहे ना?"

"बेकरीवाल्याचा भाऊ मेलेला होता, मामा," ताई म्हणाली. "माझी आई जिवंत आहे."

काकांनी वाया गेलेली काच उचलली, उजेडाला धरून बघितली, जणू तिच्यात काही लिहिलंय. मग म्हणाले, "बरं."

ताई तेवढ्यावर थांबली नाही. औषधवाल्यांना दोन गोळ्या एकदम द्यायची सवय असते. ती तिथून सलूनमध्ये गेली. आमचा बँडमास्तर एरवी दाढ्या करतो. ती म्हणाली, "सगळ्या गावाला माहीत आहे. सवयीने कुणाचा ढोल मंद झाला तरी घोटाळा होईल. आमच्या दारात चांगलं जोरात वाजवा, नाचायची चाल." बँडमास्तर म्हणाला, "हात वर गेला की थांबतो, नाही गेला की फुंकतो. मध्ये डोकं चालवायला मला फुरसत नसते. पण हातालाच चालत असेल तर माझं काय जातंय?"

उत्सवाच्या दिवशी कडक ऊन होतं. मी बँडच्या बाजूने चालत होतो. पोस्टमनच्या दारात हात वर गेला, त्याची बायको गेली होती. शिवणाच्या बाईंच्या दारात गेला. दोन्ही ठिकाणी बँड असा थांबला की झाडूवालीचा झाडू रस्त्यावर पडल्याचा आवाज ऐकू आला.

मग सायकलचं दुकान आलं. वर खिडकीत आत्या. केस विंचरलेले, कपाटातले ठेवणीतले कपडे अंगावर, दोन्ही हात चौकटीवर. मागे ताई. बाजूला काकू, तोंडभर हसू चिकटवून. काका दुकानाच्या कोपऱ्याशी आले आणि त्यांच्या हाताला काय करावं ते कळेना. तो जरासा हलला. बँडमास्तरने गाल फुगवलेले तसेच धरले. शेवटी काकांनी हात सदऱ्याच्या खिशात घातला.

आणि बँड जो काही वाजला! वाजवणारे आमचेच, दादाच्या शाळेतले. घाम पुसत, खाली बघत वाजवत होते. मूर्ती उचललेल्या माणसांना नाचायच्या चालीवर जड पावलं टाकता येईनात, सगळा देव डुगडुगत होता. गर्दीतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला. समोर बेकरीवाला दारात हाताची घडी घालून उभा होता. त्याला फार दिवसांनी बरं वाटत असावं.

आत्या देवाकडे बघत नव्हती. काकांच्या खिशाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. "आई म्हणते मामाला पाठव. हातोडी घेऊन. आणि फोटो घेऊन."

"कसला फोटो?" काकांनी विचारलं.

"मी तेच विचारलं. म्हणाली, त्याला माहीत आहे."

फोटो कागदात गुंडाळून मी घेतला, हातोडी काकांनी. काकू मागून आल्या, चपला उलट्यासुलट्या घालून. आत्या खाटेवर ताठ बसली होती. कुणी बसा म्हटलं नाही म्हणून आम्ही उभेच राहिलो.

"कधी कळलं, अक्का?" काका म्हणाले.

"तुझी बायको माझ्याशी गोड बोलायला लागली तेव्हा." आत्याने काकूंकडे बघितलंही नाही. "रविवारी येऊन म्हणते, वन्सं, कढईच होती. कढई! सगळा जन्म पातेल्यावर अडून बसलेली बाई! तेव्हाच म्हटलं, आपल्यातलं कुणीतरी गेलं. मग पोराचा फोन बिघडला."

काकू रडायला लागल्या. "मग बोललात का नाही, वन्सं?"

"तुम्ही सगळे एवढं मन लावून खोटं बोलत होतात. म्हटलं, कशाला हिरमोड करा." तिने खिडकीबाहेर बघितलं. "आणि म्हटलं, घरच्यांना नाही जमत तर नाही. उत्सव येतोय. माझा भाऊ देवाला सोडत नाही, बेकरीवाल्याला सोडलं नाही. तो हात वर करील. बँड थांबेल. गाव थांबलं की मग मला रडायला मोकळीक. चांगले कपडे घालून बसले होते रे मी. आणि तू? माझ्या पोराच्या नावाने नाचायची चाल?"

"आई, ते मी सांगितलं होतं," ताई म्हणाली. "मामाचं त्यात..."

"खिशात कुणाचा हात गेला?"

खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता, तेवढाच आवाज.

"खिळा ठोक," आत्या म्हणाली.

पहिला खिळा वाकला. दुसऱ्याने भिंतीचा पोपडा काढला. सगळा जन्म फ्रेमा करण्यात गेलेला माणूस, आणि तिसऱ्या खिळ्याला हातोडी अंगठ्यावर बसली. काकांनी अंगठा तोंडात घातला नाही, झटकलाही नाही. फोटो टांगला. आत्याने मान पुढे करून बघितलं.

"खांद्यावर हे काय आहे?"

"तुझी बोटं. मुद्दाम ठेवली."

"का? एवढं सगळं पुसलंस, तेवढीही पुसायचीस."

त्यानंतर आत्या काकांशी बोलली नाही. तिच्या हृदयाला काहीच झालं नाही. डॉक्टर म्हणाले, आश्चर्य आहे. आत्या म्हणाली, "तुमचं आश्चर्य होतं, पंचाईत माझी आहे." काकू पुन्हा रविवारी जायला लागल्या. पातेल्याचा विषय मुद्दाम काढून बघितला. आत्या म्हणाली, "असेल पातेलं." काकू घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

गाव कशाला सोडतंय? 'हात' होतं त्याचं 'खिसा' झालं. बेकरीवाला इतक्या वर्षांनी रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "काय, परक्याचं असलं की वर आणि घरचं असलं की खिशात?" दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून आमच्याकडे पाव पाठवला. चांगला होता. काकांनी हात लावला नाही. पण खरा त्रास वेगळाच. माणसं आता दुकानात येऊन हळूच सांगू लागली, आमच्याकडे पण तेवढं सांभाळून घ्या, घरात लग्न आहे, म्हाताऱ्याला सांगितलेलं नाही, गेलेला माणूस तसा बरा नव्हताच. कापडवाल्यालासुद्धा पुन्हा कुत्रा आठवला. पूर्वी काका अशांना दोन शब्दांत बाहेर काढायचे. आता नुसते पट्टी कापत राहायचे. पट्टीची टोकं जुळेनात, फ्रेमच्या कोपऱ्यांत फटी दिसायला लागल्या.

मधल्या काळात ते दोनदा आत्याकडे गेले. ती झोपलेली होती. दोन्ही वेळा खाली सायकलवाल्याने सांगितलं होतं की आत्ताच त्याच्याशी बोलत होती.

पुढचा उत्सव आला. उत्सवाच्या अध्यक्षांनी काकांना बोलावून विचारलं, जमेल ना, की दुसरं कुणी बघू? काका म्हणाले, जमेल. त्या दिवशी त्यांनी दाढी करताना गाल कापला. सदऱ्याचा खिसा काकूंनी शिवून टाकला होता. त्यांनी सांगितलं म्हणून की काकूंनी आपणहून, ते मी विचारलं नाही.

नियम सगळ्यांना पाठ आहे. मागच्या उत्सवानंतर गेलेल्यांसाठीच हात. दादा त्यात बसत नव्हता. त्याचं वर्ष होऊन गेलं होतं, त्याचा उत्सव नाचायच्या चालीवर होऊन गेला होता. सायकलचं दुकान जवळ आलं तसा बँडमास्तर निवांत होता, इथे थांबायचं कारण नव्हतं. खिडकीत आत्या होती, रोजच्याच कपड्यांत, मांडीवर निवडायची भाजी.

काकांनी हात वर केला.

बँडमास्तर इतका गोंधळला की ट्रंपेट मध्येच किंचाळलं. ढोल अडखळत थांबले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. इथे कोण गेलं? काका कुणाकडेच बघत नव्हते. हात कोपरात न वाकवता सरळ वर, मान वर, डोळे खिडकीवर. रस्त्यावर नुसती पावलं. मला वाटलं आता ती रडेल. काकांनाही तेच वाटलं असणार, त्यासाठीच तर त्यांनी वर्षभर ती पावलं मनात चालून ठेवली होती.

आत्याने भाजीचा देठ मोडला.

"काय रे," ती वरून म्हणाली, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी, "आता कोण मेलं?"

काकांचा हात तसाच वर राहिला.

"माझं तर सगळं वाजत गेलं. आता कशाला गप्प बसता? वाजवा!"

बँडमास्तरने काकांच्या हाताकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. आणि गाल फुगवले.

हात वर असताना बँड वाजला, असं आमच्या गावात पहिल्यांदाच झालं. काकांनी हात खाली घेतला नाही. वर्गात उत्तर येत असूनही मास्तर ज्याच्याकडे बघत नाहीत त्या पोराने धरावा तसा हात वर धरून ते बँडच्या पुढे चालत राहिले, सायकलचं दुकान संपलं, बेकरी संपली, तरी. मागे ढोल वाजत होते, आणि वर खिडकीत आत्या खाली मान घालून भाजी निवडत होती.